जखमी खारीसाठी आपला खारीचा वाटा



२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. डाळिंबाच्या एका बागेत मर रोगाची पाहणी करायला गेलो होतो. शेजारच्या बांधावरची जुनी चिंच त्याच सकाळी पाडली होती. फांद्या तोडणे चालू असताना एका बेचक्यातून काथ्या, कापूस आणि कोंबडीची पिसे यांचा गोळा खाली पडला. त्यात खारीची तीन पिल्ले होती. करंगळीएवढी, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. शेतमालकाची चौथीतली मुलगी ती ओंजळीत घेऊन आली. "साहेब, यांना काय द्यायचं?" असे तिने विचारले. मी म्हणालो, "गाईचं दूध कोमट कर आणि कापसाच्या बोळ्यानं पाज." सल्ला देण्याची सवय लागलेल्या माणसाने जसा द्यावा, तसा तो सल्ला मी चालता चालता दिला आणि मोटारसायकलला किक मारली.

तीन दिवसांनी पुन्हा त्या बागेत गेलो. एक पिल्लू पोट फुगून गेले होते. दुसऱ्याच्या नाकातून दूध येत होते, तेही गेले. तिसरे पहाटे गार पडलेले सापडले. मुलगी रडत नव्हती. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं."

पुढे एका पशुवैद्यकाला हा प्रकार सांगितला, तेव्हा कळले की माझ्या एका वाक्याच्या सल्ल्यात तीन चुका होत्या. दूध चुकीचे, पाजण्याची पद्धत चुकीची, आणि ऊब देण्याआधी पोटात काही घालणे तर सर्वांत चुकीचे. चौथी चूक माझी मलाच नंतर आठवली. आम्ही तिथे उभे होतो तेव्हा पलीकडच्या लिंबावर एक खार सारखी चिरकत होती. ती त्यांची आई होती. आम्ही तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

म्हणून आज पीक-पाणी बाजूला ठेवून खारीबद्दल लिहितो आहे. विषय लहान वाटेल, पण दरवर्षी छाटणीच्या, झाडतोडीच्या आणि वळवाच्या वाऱ्या-पावसाच्या दिवसांत अशी पिल्ले गावोगाव सापडतात. कुठे मांजराने धरलेली खार असते, कुठे तारेवर शॉक बसलेली. गावातला माणूस दुष्ट नाही. तो एक तर "जगेल नाहीतर मरेल" म्हणून सोडून देतो, नाहीतर मायेने घरी नेऊन दूध पाजून मारतो. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. ती म्हणजे ज्यांना ते काम येते आणि ज्यांना ते करण्याची सरकारी परवानगी आहे, त्यांच्या हाती ते जनावर वेळेत पोचवणे. ही वाट आपल्याला माहीत नाही आणि ती दाखवण्याची तसदी सरकारी यंत्रणेनेही फारशी घेतलेली नाही.

खार आपली कोण?

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलू. खार शेतकऱ्याचे नुकसान करते. पिकलेला पेरू, चिकू, डाळिंब कुरतडते, पेरलेला भुईमूग उकरते, आणि कोकणात तर नारळाच्या बागाईतदारांची तिच्याबद्दल कायमची तक्रार असते. कृषी पदविकेच्या अभ्यासात आम्हालाही ती नुकसान करणाऱ्या प्राण्यांतच भेटली. ती किडे-अळ्या खाते आणि बिया इकडेतिकडे पुरून झाडे लावते, हेही खरे आहे. पण म्हणून तुमचे कुरतडलेले फळ भरून येत नाही.

तरीही बागेचे रक्षण करणे वेगळे आणि पडलेल्या पिलाला वाऱ्यावर सोडणे वेगळे. बागेला जाळी लावा, फळांना पिशव्या बांधा, राखण करा. त्यात काही गैर नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांचे पाचवे परिशिष्ट होते. त्यात उंदीर होते, खार नव्हती. कायदा करणाऱ्यांनीही खारीला उंदराच्या रांगेत बसवले नव्हते.

आपल्याकडे अंगणात आणि बांधावर दिसणाऱ्या खारी प्रामुख्याने दोन प्रकारच्या, पाठीवर तीन पट्टे असलेली आणि पाच पट्टे असलेली. सह्याद्रीच्या घाटातल्या आणि विदर्भातल्या दाट जंगलात तिची थोरली बहीण राहते, ती म्हणजे शेकरू. तांबूस अंग आणि भली मोठी झुपकेदार शेपटी. महाराष्ट्राने शेकरूला राज्यप्राण्याचा मान दिला आहे. १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले ते प्रामुख्याने तिच्याचसाठी ओळखले जाते. राज्यप्राणी खारीच्या कुळातला आहे, याचा अभिमान शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवायचा आणि भिंतीखाली पडलेल्या पिलाचे काय करायचे हे मात्र मास्तरांपासून सरपंचांपर्यंत कोणालाच ठाऊक नसायचे, ही काही शोभेची गोष्ट नाही.

पिल्लू खरेच पोरके आहे का?

खाली पडलेले प्रत्येक पिल्लू पोरके नसते. खारीची मादी एकटीच पिल्ले वाढवते. एका घरट्याला धोका वाटला तर ती पिलांना तोंडात धरून दुसरीकडे नेते. तेव्हा घरटे पडले तरी आई जवळपासच असते आणि संधी मिळाली की पिलाला उचलून नेते. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खारीच्या बाबतीत ते खरे नाही. तेव्हा हात लावायला भिऊ नका. फक्त हात लावल्यावर घरी नेण्याची घाई करू नका.

पिल्लू अंगाने गरम असेल, रक्त नसेल, मांजराच्या तोंडातून आलेले नसेल, तर आधी आईला संधी द्या. एक लहान टोपली किंवा पुठ्ठ्याचा खोका घ्या. पडलेल्या घरट्यातलेच काथ्या-कापूस त्यात घाला. पिल्लू त्यात ठेवा आणि त्याच झाडावर, झाड गेले असेल तर अगदी शेजारच्या झाडावर, माणसाच्या डोक्याच्या वर पोचेल इतक्या उंचीवर सावलीत बांधा. आई आत-बाहेर करू शकेल असे तोंड उघडे ठेवा. आपल्याकडे सर्वांत मोठा शत्रू मुंग्या. तेव्हा मुंग्यांची रांग नसलेली फांदी पाहा. कुत्री-मांजरे बांधून ठेवा, पोरांना लांब न्या, करवत आणि यंत्र थांबवा. मग दुरून पाहत राहा.

खार दिवसा वावरणारी आहे. सकाळी किंवा दुपारी ठेवलेले पिल्लू ती दिवेलागणीपर्यंत नेऊ शकते. अंधार पडल्यावर ती येणार नाही. तोपर्यंत आली नाही तर पिल्लू आत घ्या आणि पुढची तजवीज करा. मधूनमधून पिल्लू चाचपून पाहा. गार पडत असेल तर संध्याकाळची वाट पाहू नका.

मेलेली आई समोर दिसली, पिलावर माशांची अंडी किंवा मुंग्या दिसल्या, जखम असली, पिल्लू गार आणि मलूल असले, किंवा डोळे उघडलेले पिल्लू आपणहून माणसाच्या पायावर चढू लागले, तर मात्र आईची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याला मदत हवी आहे असे समजा.

काय करू नये

गाईचे, म्हशीचे, शेळीचे किंवा भुकटीचे, कोणतेच दूध पाजू नका. खारीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त आणि साखर कमी असते. गाईच्या दुधाने पिलाला हगवण लागते, पोट फुगते. वासराला उतू जाईल इतके दूध पाजले तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. हे पिल्लू तर वासराच्या कानाएवढेही नाही.

बोळ्याने, ड्रॉपरने किंवा चमच्याने तोंडात पाणी सोडू नका. ते श्वासनळीत जाते. नाकातून दूध येणे म्हणजे तेच. फुप्फुसात गेलेल्या दोन थेंबांनी पिल्लू दोन दिवसांनी मरते आणि आपण म्हणतो, "दूध तर पीत होतं चांगलं."

गार पडलेल्या पिलाला काहीही भरवू नका. अंग गार असताना पोट चालत नाही. आधी ऊब, बाकी सगळे नंतर, आणि ते नंतरचे जाणकाराने करायचे.

थोड्या मोठ्या खारीला पाव, बिस्कीट, भात यांवर वाढवू नका. ती जगते, पण हाडे ठिसूळ होतात. माणसाच्या मुलांत ज्याला आपण मुडदूस म्हणतो तोच प्रकार. मग एका उडीत पाय मोडतो. शिवाय हातावर वाढलेली खार वयात आली की चावू लागते, आणि तेव्हा "सोडून देऊ बागेत" म्हणून सोडली तर तिला ना घरटे बांधता येते, ना मांजराची भीती ठाऊक असते. सोडणे हीसुद्धा शिकून करायची गोष्ट आहे.

आणि एक विनंती. फोटो काढून गटागटांत फिरवण्यासाठी ते पिल्लू दहा हातांतून फिरवू नका. भेदरलेले लहान जनावर नुसत्या धसक्यानेही मरते.

हाती असलेल्या वेळात काय करावे

बुटांचा खोका घ्या, झाकणाला भोके पाडा. जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा मऊ तुकडा आत घाला. सुटे दोरे असलेले किंवा टॉवेलसारखे फासे असलेले कापड नको, नखे अडकतात. बाटलीत कोमटापेक्षा थोडे जास्त गरम पाणी भरा, बूच घट्ट लावा, बाटली फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. जास्त ऊब झाली तर पिलाला दुसऱ्या बाजूला सरकता आले पाहिजे. पाणी निवले की बदला. खोका अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवा. एप्रिल-मेच्या पत्र्याखाली मात्र ठेवू नका.

मोठी जखमी खार असेल तर उघड्या हाताने धरू नका. तिचे दात शेंगा फोडतात, तुमचे बोट तिला जड नाही. वरून पाटी पालथी घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि तसेच खोक्यात सोडा. पाटी नसेल तर दुहेरी गोणपाट टाकून उचला.

मांजराने धरलेली खार वरून धडधाकट दिसली तरी तिला उपचार लागतातच. मांजराच्या दातांची जखम टाचणीच्या टोकाएवढी असते, पण तिच्यातून विष भिनावे तसा जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. चोवीस तासांच्या आत औषध मिळाले तर जगण्याची आशा. तेव्हा "पळाली ना, बरी आहे" असे म्हणू नका.

डीपीवर किंवा तारेवर अडकलेली खार काठीने काढायला जाऊ नका. आधी वायरमनला फोन करून प्रवाह बंद करून घ्या. खारीसाठी माणूस गमावायचा नाही.

उंदरासाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर खार अडकली तर ओढून काढू नका, कातडी सोलून निघते. मोकळ्या डिंकावर कागदाचे तुकडे किंवा पीठ टाका, म्हणजे ती आणखी चिकटणार नाही, आणि पुठ्ठ्यासकट खोक्यात घालून न्या.

चावली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. खारीसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज जवळजवळ आढळत नाही. पण धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पुढचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. त्या भीतीपोटी खारीला मारून टाकू नका.

कोणाच्या हाती द्यायचे?

आता मुख्य प्रश्न. "परवाना असलेला माणूस" म्हणजे कोण? आपल्याकडे वन्यप्राण्यांची जबाबदारी वन विभागाची आहे. जखमी वन्यप्राण्यावर उपचार करणारी, त्याला सांभाळून पुन्हा रानात सोडणारी केंद्रे एक तर वन विभागाची स्वतःची असतात, नाहीतर विभागाच्या परवानगीने संस्था चालवतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे असे उपचार केंद्र २०१५ पासून आहे. पुण्याजवळ बावधनला वन विभाग आणि एक संस्था मिळून असेच केंद्र चालवतात. इतरही काही जिल्ह्यांत अशी केंद्रे झाली आहेत. पण नुसते नाव ऐकून निघू नका. जुन्नरजवळच्या माणिकडोहचे केंद्र सर्वांना ठाऊक आहे, मात्र ते बिबट्यांचे आहे. शंभर ग्रॅमची खार घेऊन तिथे गेलात तर हेलपाटा पडेल. आधी फोन, मग प्रवास.

क्रम असा ठेवा.

पहिला फोन वन विभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' या मोफत मदतवाहिनीला करा. नंबर १९२६. गाव, तालुका, जिल्हा, खार केवढी आहे, कधी आणि कशी सापडली, हे थोडक्यात सांगा.

दुसरा फोन आपल्या भागाच्या वनरक्षकाला. तो न लागला तर वनपालाला, नाहीतर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. गावाला जंगल नाही म्हणून वनरक्षक नाही, असे समजू नका. प्रत्येक गाव कोणत्या ना कोणत्या परिक्षेत्रात येतेच.

तिसरा मार्ग जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना. तिथल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो आणि शंभर ग्रॅमच्या जनावराला औषधाची मात्रा मोजणे सोपे नसते, हे लक्षात घ्या. पण रक्त थांबवणे, जखम धुणे, ऊब देणे आणि कोणाकडे पाठवायचे ते सांगणे, एवढे तिथे होऊ शकते. वन विभागाला फोन केला आहे हे त्यांना सांगा, म्हणजे त्यांचाही संकोच जाईल.

चौथा, प्राणिमित्र संस्था. यांत फार तळमळीची मंडळी आहेत आणि रात्री-अपरात्री धावून येतात. काही नुसती हौशीही आहेत. तेव्हा जनावर देण्यापूर्वी सरळ विचारा. वन विभागाची परवानगी आहे का? तुमचे पशुवैद्यक कोण? खार कुठे ठेवणार? बरी झाल्यावर कुठे सोडणार? वन विभागाकडे नोंद तुम्ही करणार की मी करू? खरे काम करणाऱ्याला हे प्रश्न टोचत नाहीत. जो उत्तर टाळतो, पैसे आधी मागतो किंवा "आमच्या घरीच पाळतो आम्ही" म्हणतो, त्याच्या हाती खार देऊ नका.

आता कायद्याची भीती. "फॉरेस्टला कळवलं तर उलट आपल्यालाच धरतील," हे मी कितीतरी पारांवर ऐकले आहे. नियम नेमका उलट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार सरकारच्या मालकीचा ठरणारा वन्यप्राणी कोणाच्याही ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. म्हणजे अडचण कळवण्यात नाही, न कळवता ठेवून घेण्यात आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परिशिष्टांची फेरमांडणी झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली. कोणती खार कोणत्या परिशिष्टात, हा खल बांधावर बसून करू नका. ते वन विभागाने पाहावे. आपण शेकरू असो की अंगणातली खार, सगळ्यांना एकच नियम लावावा. सापडली की कळवायची, कोणाला कधी कळवले ते वहीत लिहून ठेवायचे. तुमचा हेतू त्या एका ओळीने सिद्ध होतो.

सरकारी यंत्रणेलाही दोन शब्द

मी स्वतः याच यंत्रणेतला. म्हणून हे लिहिताना कोणा एकावर बोट ठेवायचे नाही. पण सांगितले पाहिजे. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी एका गावात मांजराने जखमी केलेली खार सापडली. या वेळी शहाणा होऊन मी एका कार्यालयात फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, "बिबट्या आहे का?" नाही म्हटल्यावर उत्तर आले, "मग खारीसाठी कोण येणार साहेब? सोडून द्या." दुसऱ्या दिवशी सायंकाळी वाहन मिळाले तेव्हा उशीर झाला होता.

त्या माणसाचीही बाजू आहे. एका वनरक्षकाकडे गावे किती, वाहन किती, डिझेल किती, हे मला ठाऊक आहे. कृषी खात्यात आमचीही तीच गत आहे. बिबट्या गावात शिरला तर तो आधी, हेही बरोबर. पण खारीसाठी जीप लागत नाही. लागतो तो एक नीट सल्ला आणि एक नंबर. "ऊब द्या, काही पाजू नका, अमुक दवाखान्यात न्या, आमची नोंद घेतली आहे," एवढे फोनवर सांगितले असते तर ती खार कदाचित वाचली असती. आणि जो माणूस खारीसाठी फोन करतो त्याला हिडीसफिडीस केले, तर उद्या विहिरीत कोल्हा पडला, फासकीत हरिण सापडले, तरी तो फोन करणार नाही. माहितीचा ओघ लहान गोष्टींपासून सुरू होतो आणि लहान गोष्टींपाशीच आटतो.

ग्रामसेवक, सरपंच आणि सदस्य मंडळींसाठी काम अगदी बिनखर्चाचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. बहुतेक ठिकाणी ती कागदावर आणि नोंदवही कपाटात. त्या समितीला हे काम द्या. १९२६ हा नंबर, आपल्या वनरक्षकाचे नाव व नंबर, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि सर्वांत जवळच्या अधिकृत उपचार केंद्राचा नंबर, या चार ओळी ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवा. बदली झाली की नंबर बदला. पुढच्या ग्रामसभेत पाच मिनिटे हा विषय घ्या. गावातली दोन तरुण मुले-मुली निवडून त्यांची नावे वन विभागाला कळवा आणि वर्षातून एकदा पशुवैद्यकांकडून त्यांना हाताळणी शिकवून घ्या. तालुक्याला रोज जाणारे दूधगाडीवाले, एसटीचे चालक-वाहक यांच्याशी बोलून ठेवा. एक खोका नेणे कोणाला जड नाही.

मुळात वेळच येऊ नये म्हणून

खारीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पिल्ले होतात. त्यामुळे अमुक महिन्यात झाड तोडले तर बिनघोर, असे नाही. झाड तोडण्याची परवानगी हातात असली तरी करवत लावण्यापूर्वी ढोल्या आणि बेचकी पाहा. खार तोंडात चारा-कापूस घेऊन सारखी एकाच फांदीकडे जात असेल तर तिथे घरटे आहे. शक्य असेल तर काम थोडे पुढे ढकला. आंधळी पिल्ले डोळे उघडायलाच तीन-एक आठवडे घेतात. ढकलता येत नसेल तर घरट्याची फांदी सर्वांत शेवटी, दोरीने हळू उतरवा.

उंदरासाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष उघड्यावर पसरू नका. ते संध्याकाळी बिळात आत सरकवा आणि उरलेले सकाळी खारी-पाखरे बाहेर पडण्यापूर्वी गोळा करून पुरून टाका. यात खार वाचते, कोंबड्या वाचतात आणि घरातले लहान मूलही वाचते.

प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्या जनावराला वर चढता येत नाही. चारही कडांना जाड काथ्याचा दोर किंवा जुनी जाळी पाण्यापर्यंत सोडून ठेवा. स्टार्टरच्या पेटीचे भोक बंद करा, नाहीतर खार तिथे कापूस भरते, मग खारही जाते आणि मोटरही. कांदाचाळ रिकामी करताना कोपऱ्यातला काथ्याचा गोळा फावड्याने उचलू नका, आधी हाताने उलगडून पाहा.

शेवटी

या वर्षी फेब्रुवारीत त्याच शिवारातून फोन आला. लिंबाची फांदी छाटताना दोन पिल्ले पडली होती. फोन त्या मुलीच्या वडिलांचा, पण मागून तिचाच आवाज, "दूध नाही ना द्यायचं?" मी म्हणालो, "काही द्यायचं नाही. टोपलीत ठेव, झाडाला बांध आणि लांब उभी राहा." मग वनरक्षकाला कळवले. त्याने या वेळी नीट ऐकून घेतले आणि संध्याकाळपर्यंत आई आली नाही तर स्वतः येतो म्हणाला. त्याला यावे लागले नाही. दुपारी खार आली, टोपलीच्या काठावर थोडी थांबली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून जांभळीवर घेऊन गेली.

सेतू बांधताना खारीने अंगाला वाळू लावून नेली आणि रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. थोड्याशा मदतीला आपण 'खारीचा वाटा' म्हणतो. खारीवर वेळ आली तर आपला वाटा किती? एक खोका, एक गरम पाण्याची बाटली, एक फोन, आणि आपल्याला जे येत नाही ते न करण्याचे शहाणपण. तो नंबर आज लिहून घ्या, १९२६. घरातल्या चौथीतल्या मुलालाही पाठ करायला लावा. आपण विसरलो तरी ती विसरत नाहीत.